वही आपल्याकडे असावी

आपल्याकडे ईमेल म्हणजे ओटीपी, विजेचं बिल, म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट आणि गेले तीन आठवडे ‘आज शेवटचा दिवस’ असलेला कसलासा सेल. माणसांचं एकमेकांशी बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. असं असताना मराठी वाचकाला दर महिन्याला ईमेलने लांबलचक पत्र पाठवायचं, तेही आठवडी बाजारांबद्दल, हे मी जाहीर केलं तेव्हा घरात कोणी काही बोललं नाही. चहाचे कप तेवढे जरा जास्तच आवाज करत उचलले गेले.

माझं कारण मात्र पक्कं होतं. फेसबुकवर लिहिलेलं महिन्याभराने मलाच सापडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आटपाडीच्या शेळ्या-मेंढ्यांच्या बाजाराबद्दल टाकलेलं टिपण माझं नाव गळून, खाली ‘वाचनीय, अवश्य पुढे पाठवा’ लागून, एका मावससासूबाईंकडून माझ्याकडेच आलं. त्यांना ते फार आवडलं होतं. ईमेलमध्ये निदान पाठवणाऱ्याचं नाव वर राहतं, आणि वाचणाऱ्याला सहा महिन्यांनीही ते पत्र शोधून काढता येतं. जीमेल फार तर ते ‘प्रमोशन्स’मध्ये सेलच्या शेजारी नेऊन बसवेल, पण ते तिथे असतं.

सुरुवात बीसीसीने केली, म्हणजे मेलमधल्या ज्या रकान्यातले पत्ते एकमेकांना दिसत नाहीत त्याने. ओळखीच्यांचे पत्ते त्या रकान्यात टाकायचे आणि पाठवायचं. फुकटच्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांपर्यंत मेल जाते आणि माझी मंडळी त्याच्या कितीतरी आत होती, त्यामुळे मर्यादेची अडचण नव्हती. अडचण होती ‘नको’ म्हणण्याची. ‘पत्र नको असल्यास निसंकोच कळवा’ असं मी खाली लिहीत असे. कोण कळवणार? ओळखीची बाई हौसेने पत्र पाठवते, तिला ‘आता बंद करा’ असं लिहिणं आपल्या माणसांच्याने होत नाही. ते गप्प बसतात, न उघडता डिलीट करतात आणि लग्नात भेटले की ‘छान असतं हं तुमचं’ म्हणतात. मला एक असं बटण हवं होतं, की जे दाबून माणूस माझ्याकडे न बघता निघून जाऊ शकेल. अशी पत्रं यादीभर लोकांना पाठवून देणारा प्लॅटफॉर्म शोधायला मी निघाले ती खरं तर या एका बटणासाठी. नंतर कळलं, की जीमेल आणि याहूने २०२४मध्ये ढिगाने मेल धाडणाऱ्या बड्यांना एका क्लिकमध्ये बाहेर पडण्याची सोय देणं सक्तीचंच केलंय. म्हणजे संकोच फक्त मराठी नव्हता.

भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. त्याला विचारलं.

‘मावशी, सबस्टॅक घे आणि विषय संपव.’

‘पैसे किती?’

‘फुकट. तू वाचकांकडून वर्गणी घेतलीस तर त्यातले दहा टक्के ते घेतात.’

‘आणि मी घेतलीच नाही तर?’

‘तर तुझा काय उपयोग करायचा ते त्यांनी बघावं.’

तो हे सहज बोलला, पण माझ्या डोक्यात ते राहिलं. बाजारात बसणाऱ्या माणसाला पैसे दोन तऱ्हेने द्यावे लागतात. एक भुईभाडं: तुमचं पोतं जेवढी जागा अडवतं त्याची पावती फाडायची, मग माल खपो न खपो. दुसरी आडत: विक्री झाली की तिच्यावर टक्का. सबस्टॅकचा धंदा आडतीचा. २०१७ साली सॅन फ्रान्सिस्कोत ख्रिस बेस्ट, हेमिश मॅकेन्झी आणि जयराज सेठी यांनी ते सुरू केलं ते याच हिशेबावर. घोस्ट नावाच्या दुसऱ्या प्लॅटफॉर्मचा धंदा भुईभाड्याचा. २०१३मध्ये लोकांकडून पैसे गोळा करून उभं राहिलेलं हे काम ना-नफा संस्था चालवते, त्याचं कोड कोणालाही उचलून स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, आणि त्यांच्याच सर्व्हरवर बसलात तर ते भाडं घेतात. वाचक वाढले की भाडं चढतं, पण वर्गणीत हात घालत नाहीत. समजा, शंभर जणांनी वर्षाला ५०० रुपये दिले. पन्नास हजार झाले. त्यातले पाच हजार आडतीत गेले, वर कार्डाचा खर्च. कागदावर हा हिशेब मांडून मी बराच वेळ खूश होते.

मग कळलं, की हा हिशेब आपल्याला लागूच पडत नाही. सबस्टॅक काय, घोस्ट काय, नवं आलेलं बीहाइव्ह काय, वर्गणीचा पैसा फिरतो तो स्ट्राइप नावाच्या एकाच नळातून, आणि २०२४पासून भारतात स्ट्राइपचं नवं खातं निमंत्रणाशिवाय मिळत नाही. समजा मिळालं, तरी वाचकाच्या बाजूचं काय? २०२०मधल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डावर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतो, तो आपण उठून चालू करायचा. ऑक्टोबर २०२१पासून दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी आधी रीतसर मंजुरी नोंदवावी लागते. आता पंढरपूरचे एक निवृत्त पोस्टमास्तर माझ्या पत्रासाठी एवढं करतील? ते क्यूआर स्कॅन करून दोनशे रुपये तिथल्या तिथे पाठवतील आणि वर ‘मिळाले का?’ म्हणून फोनही करतील. यूपीआय खिशात असलेल्या माणसाला डॉलरची वर्गणी भरायला लावणं हा आडमुठेपणा आहे. वर्गणी ठेवायची नाही असं ठरवलं. त्यात त्याग वगैरे काही नाही. पैसे घेण्याची सरळ वाट नव्हती, आणि वाकडी वाट धरावी एवढे पैसेही नव्हते.

पैशाचा मुद्दा गळून पडल्यावर या कंपन्यांच्या तुलनेची निम्मी कोष्टकं निरुपयोगी होतात. कारण ती बहुतेक सगळी ‘तुम्ही कमवाल किती’ याच प्रश्नाभोवती लिहिलेली असतात. मला पडलेले प्रश्न त्यांत नव्हतेच. उदाहरणार्थ, वेलांटी कापली जाईल का?

हे थोडं सविस्तर सांगते, कारण मराठीत लिहिणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी फुकट खाती उघडून एकच पत्र मी स्वतःलाच पाठवत सुटले. एका देखण्या टेम्प्लेटमध्ये शीर्षक उघडलं आणि पाहते तर ‘घोंगडीचा बाजार’ची शिरोरेषा तुटलेली. प्रत्येक अक्षर सुटं, वर आपापली टोपी घालून उभं. कारण इंग्रजी शीर्षक ऐटदार दिसावं म्हणून त्या टेम्प्लेटने अक्षरांमध्ये थोडं अंतर सोडलं होतं. रोमन लिपीला ते शोभतं, आपल्या लिपीचा कणाच मोडतो. दुसरीकडे ओळींमधली जागा एवढी आखडती, की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांत घुसलेले. उद्धरण टाकलं की ते आपोआप तिरकं होतं, आणि देवनागरीला मुळात तिरकं वळण नसल्यामुळे यंत्र तिला नुसतं ढकलून वाकवतं.

फॉन्टबद्दल तर बोलायलाच नको. पत्र लिहिताना तुम्ही कितीही सुंदर फॉन्ट निवडा, जीमेल तो बाहेरून आणत नाही. वाचकाच्या यंत्रात जो असेल तो दिसतो: अँड्रॉइडवर नोटो, आयफोनवर कोहिनूर, विंडोजवर निर्मला. शिवाय मजकूर मराठी आहे हे पत्राच्या कोडमध्ये नोंदवलेलं नसेल, तर पाकळीचा ल आणि देठाचा श जाऊन त्यांची हिंदी वळणं येऊ शकतात. ज्यांना फरक पडत नाही त्यांना पडत नाही. मला पडतो. कोडमध्ये हात घालून भाषेच्या जागी ‘एमआर’ ही दोन अक्षरं लिहू देणारा प्लॅटफॉर्म माझ्या लेखी इतर दहा सोयी असलेल्याच्या वर गेला.

आणखी एक गंमत आहे. जीमेल १०२ केबीपेक्षा जड पत्र मधेच कापतं आणि खाली ‘पूर्ण पत्र पाहा’ अशी दुवा-ओळ ठेवतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना वेगळा, मात्रा वेगळी. दोन हजार शब्दांच्या माझ्या पत्रात नुसती अक्षरंच चाळीस केबीच्या घरात जातात. त्यावर टेम्प्लेटचं कोड, त्यावर प्रत्येक लिंकच्या जागी प्लॅटफॉर्मने बसवलेली त्याची स्वतःची लांबच लांब लिंक. म्हणजे इंग्रजीत लिहिणारा बिनघोर असतो त्या लांबीला आपण कापले जायच्या बेतात असतो. आणि कापलं जातं ते शेवटचं. तिथेच ते ‘नको’चं बटण असतं, ज्याच्यासाठी हा सगळा उपद्व्याप. माझ्यापुरता निकष मग सोपा झाला: साधं टेम्प्लेट, कमीत कमी कोड, रंगीत पट्ट्या नाहीत. वेबपत्त्याचंही तेच. मराठी शीर्षकाचा काही ठिकाणी टक्के आणि आकड्यांचा दीड वीत लांब साप होतो आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की लोक हमखास विचारतात, ‘व्हायरस नाही ना?’

या चाचण्यांच्या दरम्यानच मला तो फलक पहिल्यांदा दिसला. डॅशबोर्ड. एका बाजूला नावं, समोर हिरवे-करडे ठिपके: कोणी उघडलं, किती वेळा, कुठल्या लिंकवर बोट ठेवलं. चाचणीसाठी मी घरच्याच पाच-सात जणांना घेतलं होतं. थोरल्या जाऊबाईंनी सकाळी फोनवर म्हटलं होतं, ‘वाचलं गं, डोळ्यांसमोर उभं राहिलं.’ फलकावर त्यांच्यासमोर करडा ठिपका. न उघडलेला.

मी जरा वेळ त्या ठिपक्याकडे बघत बसले. जाऊबाई खोटं बोलल्या असं वाटायला लागलं, आणि असं वाटणं किती क्षुल्लक आहे हेही लगेच वाटलं. त्यांनी चांगुलपणाने म्हटलं असेल. किंवा खरंच वाचलं असेल, कारण हे ठिपके वाटतात तेवढे शहाणे नसतात. पत्रात एक टिंबाएवढं न दिसणारं चित्र लपवलेलं असतं. ते सर्व्हरवरून मागवलं गेलं की ‘उघडलं’ अशी नोंद होते. वाचकाने चित्रं बंद ठेवली असतील तर नोंद नाही. पत्र १०२ केबीला कापलं गेलं आणि ते चित्र कापल्या भागात गेलं, तर नोंद नाही. उलट ॲपलने सप्टेंबर २०२१पासून आयफोनच्या मेलमध्ये अशी चित्रं आपणच आधी उतरवून घ्यायची सोय दिलीय, त्यामुळे ती सोय चालू असलेला माणूस झोपलेला असला तरी त्याने पत्र ‘उघडलेलं’ असतं. अमेरिकेतल्या माझ्या मावसभावाच्या नावासमोर चकचकीत हिरवा ठिपका होता. तो मराठी वाचतच नाही.

तरीही हा फलक बघायची खोड लागते, हे मला तेवढ्या पाच-सात नावांवरूनच कळलं. आज बाजारावर लिहायला बसले की मनात बाजार असतो. फलक बघायला लागले, की कोणत्या शीर्षकाला किती ठिपके हिरवे झाले हे असेल, आणि घोंगडीपेक्षा ‘ऐकाल तर थक्क व्हाल’ बरं वाटायला लागेल. म्हणून पहिली अट ठरली: हा हेर बंद करता आला पाहिजे. बटनडाउन नावाच्या छोट्या प्लॅटफॉर्मवर तो बंद करता येतो, घोस्टवरही येतो. सबस्टॅकवर मात्र ते आकडे म्हणजे त्या घराची भिंतच आहे. तिथे एकमेकांची शिफारस करण्याची सोय आहे, २०२३पासून ‘नोट्स’ हा गप्पांचा कट्टा आहे, आणि अनोळखी वाचक मिळवायला याहून सोपी जागा नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. माझी भाची मुंबईतल्या जुन्या सिनेमागृहांवर इंग्रजीत लिहिते. तिने तेच घेतलं आणि बरोबर केलं. तिला न ओळखणारे वाचक हवेत. मला आहेत ते, आणि त्यांच्या ओळखीचे, एवढे पुरतात.

पण तिलाही मी एक गोष्ट सांगितली: यादी उतरवून घेत जा. सबस्टॅकवर ‘फॉलो’ करणारे वेगळे आणि पत्र घेणारे वेगळे. तुम्ही निघालात तर पत्र घेणाऱ्यांचे पत्ते फाईलमध्ये बरोबर येतात, नुसतं फॉलो करणारे मागेच राहतात. जाण्याची वेळ येतच नाही असं नाही. टिनीलेटर हे पत्रं पाठवायचं किती साधं, किती गोड यंत्र होतं. २०१०मध्ये निघालं, पुढच्याच वर्षी मेलचिंप या याच धंद्यातल्या मोठ्या कंपनीने घेतलं आणि २०२४च्या २९ फेब्रुवारीला बंद केलं. रेव्ह्यू हे डच लोकांचं; ट्विटरने २०२१च्या जानेवारीत विकत घेतलं आणि दोन वर्षांत, जानेवारी २०२३मध्ये, कुलूप लावलं. फेसबुकने ‘बुलेटिन’ काढलं तेही दोन वर्षं टिकलं नाही. मेलचिंप स्वतः २०२१मध्ये इंट्युट या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने सुमारे बारा अब्ज डॉलरना घेतलं. त्याच्या फुकटच्या योजनेत पूर्वी दोन हजार पत्ते मावायचे, ते पुढे पाचशेवर आले. आणि तिथे निघून गेलेला वाचकही तुम्ही हाताने बाजूला काढेपर्यंत मोजणीत राहतो. काही वेळा लिहिणाराच उठून जातो: सबस्टॅकवर नाझी विचारांची पत्रं चालतात यावरून २०२३च्या अखेरीस वाद झाला, तेव्हा तंत्रज्ञानावर लिहिणारे पत्रकार केसी न्यूटन यांनी आपलं ‘प्लॅटफॉर्मर’ जानेवारी २०२४मध्ये घोस्टवर नेलं. वाचकांना फारसा त्रास झाला नाही, कारण यादी त्यांच्या हातात होती.

यादी म्हणजे वाचकांची वही. ती दर महिन्याला उतरवून घ्यायची, पत्र पाठवलं की लगेच. मी ती पेनड्राइव्हवर ठेवते आणि, भाचा हसतो, पण एक छापील प्रतही काढते.

शेवटी बटनडाउन घेतलं. जस्टिन ड्यूक नावाच्या एका माणसाने सुरू केलेलं हे काम अजून लहान आहे. पहिल्या शंभर वाचकांपर्यंत पैसे नाहीत. लिहायची जागा म्हणजे जवळजवळ कोरा कागद. टेम्प्लेट साधं. हेर बंद. पुढे वाचक वाढले की डॉलरमध्ये भाडं द्यावं लागेल आणि कार्ड तेव्हा काय म्हणेल ते बघू.

एक-दोन कामं तरी चुकली नाहीत. जीमेलच्या पत्त्याने दुसऱ्याच्या यंत्रातून मेल पाठवली तर ती २०२४पासून संशयितांत जमा होते, म्हणून स्वतःचं डोमेन घ्यावं लागलं, आणि मेल खरंच त्याच डोमेनवरून आलीय याची ग्वाही देणारी एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही तीन मंडळी त्यावर बसवायला भाच्याने एक रविवार दिला. साबुदाण्याची खिचडी खात खात त्याने ते केलं. मी फक्त ‘झालं का?’ विचारत होते. दुसरं, अमेरिकेच्या २००३च्या कायद्याप्रमाणे अशा मेलखाली पाठवणाऱ्याचा टपालाचा पत्ता द्यायचा असतो. कायदा जाहिरातीच्या मेलसाठी आहे, पण बहुतेक प्लॅटफॉर्म सगळ्यांकडूनच पत्ता मागतात. बाईमाणसाने घराचा पत्ता अनोळखी लोकांपर्यंत पाठवावा, हे मला पटलं नाही. यजमानांच्या एका मित्राच्या छापखान्याचा पत्ता त्याच्या परवानगीने दिला. तिथे खरंच एक पोस्टकार्ड आलं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र खाल्ला तो एका छोट्या मेलने. कोणी नाव नोंदवलं की त्याला आधी ‘तुम्हीच नोंदवलंत ना?’ असं विचारणारी मेल जाते, आणि तिच्यातल्या लिंकवर क्लिक केल्याशिवाय पत्र सुरू होत नाही. ती मुळात इंग्रजीत होती. ज्यांच्यामुळे मी लिहायला लागले ते आमचे मुख्याध्यापक सर, आता ऐंशीच्या पुढचे, त्यांचा फोन आला.

‘मी तुमच्या लिंकवर क्लिक केलेलं नाही.’

‘सर, पण ती मीच पाठवलीय.’

‘असेल. बँकेने सांगितलंय, ओळखीच्या नावानेही आली तरी करू नका.’

सर चुकीचं काहीच बोलत नव्हते. ती मेल मी मराठीत नव्याने लिहिली: ‘नमस्कार. बाजाराचं पत्र तुम्हीच मागवलंत ना, एवढंच विचारायचं आहे. इथे पैसे, पासवर्ड, ओटीपी काहीही मागितलेलं नाही. हो असेल तर खालच्या ओळीवर बोट ठेवा. नसेल तर काहीच करू नका.’ तेव्हापासून अडकून राहणारी नावं कमी झाली. सरांनी ती वाचली, भाषा ठीक आहे म्हणाले, आणि क्लिक केलं नाही.

त्यामुळे सरांना पत्र अजून जुन्याच पद्धतीने, जीमेलवरून, एकट्यांना जातं. त्यांचं उत्तर त्याच दिवशी येतं आणि त्यात मुख्यतः शुद्धलेखन असतं: ‘निसंकोच’मध्ये विसर्ग हवा, ‘शिरोरेषा’ बरोबर, पण तिसऱ्या परिच्छेदात अनुस्वार गळलाय. बाकीच्यांना गेलेलं पत्र तोवर परत बोलावता येत नाही. म्हणून आता सरांचं पत्र एक दिवस आधी पाठवते.